नातवंडं सांभाळतोय, तर पेन्शन वाढेल का? बडोद्याच्या एका आजोबांच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. आजोबा ७१ वर्षांचे, मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यातून निवृत्त, भविष्य निधी कार्यालयाकडून महिना २,१०० रुपये पेन्शन. आजी ६६ वर्षांच्या. एकुलता एक मुलगा जून २०२३ मध्ये गेला. त्याचाही पीएफ कापला जात होता. सुनेला विधवा पेन्शन सुरू झाली, पण २०२५ मध्ये तिने दुसरं लग्न केलं आणि ती सुरतेला गेली. नात १४ वर्षांची, नववीत. नातू ७ वर्षांचा, दुसरीत. दोघंही दांडिया बाजारात आजी-आजोबांजवळ. विचारलंय ते एवढंच: नियम बदललेत म्हणतात, मग आपली पेन्शन वाढेल का, मुलांसाठी सरकारकडून काय मिळेल, आणि नातवाला दत्तक घेतलं तर आपल्यामागे पेन्शन त्याला लागेल का.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे त्यात वेळ जायला नको. नातवंडं सांभाळता म्हणून तुमच्या पेन्शनमध्ये एक रुपयाही वाढत नाही. तुमची पेन्शन ज्यातून येते त्या ईपीएस ९५ मध्ये, म्हणजे पीएफवाल्यांच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत, तशी तरतूदच नाही. या योजनेतली किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे. व्हॉट्सॲपवर फिरणारा ७,५०० चा आकडा ही पेन्शनर संघटनांची मागणी आहे, आदेश नव्हे. मात्र तुमच्या नातवंडांच्या नावावर बरंच काही निघतं, आणि त्यातलं काही तुमच्या डोळ्यांसमोरून चुकीच्या जागी जातंय. पैसा तुमच्या नावावर नाही, त्यांच्या नावावर शोधायचा. पुढचं सगळं त्याबद्दल आहे.

सुरुवात तुमच्या मुलाच्या पेन्शनपासून करा. पीएफ भरणारा माणूस नोकरीत असताना वारला, तर त्याच्या बायकोला विधवा पेन्शन आणि एका वेळी दोन मुलांना, प्रत्येकी विधवा पेन्शनच्या २५ टक्के, अशी बाल पेन्शन मिळते. ती २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत चालते. विधवेने पुन्हा लग्न केलं की तिची पेन्शन थांबते आणि त्या तारखेपासून मुलांना अनाथ पेन्शन लागू होते, प्रत्येकी विधवा पेन्शनच्या ७५ टक्के. उदाहरणार्थ, सुनेला २,४०० मिळत असतील तर मुलांना ६०० आणि ६०० मिळत होते, घरात एकूण ३,६००. तिच्या लग्नानंतर मुलांना १,८०० आणि १,८०० मिळायला हवेत, म्हणजे एकूण तेच ३,६००. सरकारच्या खिशातून एक पैसाही जास्त जात नाही, फक्त पैसे जिथे मुलं आहेत तिथे येतात. म्हणून हा बदल मागताना संकोचू नका. विधवा पेन्शन कितीही कमी असली तरी अनाथ पेन्शन दरमहा प्रत्येकी ७५० च्या खाली जात नाही.

घोळ असा होतो, की लग्नाची खबर कार्यालयाला कुणी देतच नाही. विधवेला दरवर्षी हयातीच्या दाखल्याबरोबर पुनर्विवाह केलेला नाही असं लिहून द्यावं लागतं. सून ते देत राहिली किंवा नुसतं गप्प बसली, तर पेन्शन तिच्याच खात्यात पडत राहते. पुढे उघड झालं की वसुली निघते आणि मुलांचा बदल त्या वादात अडकतो. त्यामुळे आधी सुनेशी फोनवर नीट बोला. तिच्याविरुद्ध तक्रार नाही, तिच्यामागे वसुली लागू नये म्हणूनच हे करायचंय, हे तिला पटलं तर ती स्वतःच सही करून देईल. अर्जात तिचा पीपीओ (पेन्शन आदेशाचा) क्रमांक लिहा आणि सोबत लग्नाच्या नोंदणीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, आधार आणि प्रत्येकाचं स्वतंत्र बँक खातं जोडा.

इथेच एक बदल तुमच्या कामाचा आहे. पूर्वी अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, मुलांची रक्कम सोडायला भविष्य निधी कार्यालयं कोर्टाचं पालकत्व प्रमाणपत्र मागायची आणि प्रकरण वर्षभर लटकायचं. ऑगस्ट २०२५ च्या परिपत्रकानुसार, मृत सभासदाच्या दाव्याची रक्कम थेट अज्ञान मुलाच्या स्वतःच्या खात्यात जाणार असेल तर ते प्रमाणपत्र मागायचं नाही. खिडकीवर जुन्या सवयीने मागितलंच, तर परिपत्रकाची प्रत पुढे करा. तोंडी वाद घालून काही होत नाही.

मुलाचा पीएफ आणि ईडीएलआय, म्हणजे पीएफबरोबरच मिळणारा आयुर्विमा, निघाला होता का, तेही तपासा. ईडीएलआयमध्ये किमान अडीच लाख आणि कमाल सात लाख मिळतात, त्यासाठी फॉर्म ५-आयएफ लागतो. पुष्कळ घरांत पीएफ काढला जातो आणि विमा राहूनच जातो, कारण त्यासाठी वेगळा हप्ता कापला जात नाही. पगारपत्रकात दिसत नाही म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. पण एक ध्यानात घ्या: या रकमेत सुनेचा हिस्सा असेल तर तो मुलाच्या मृत्यूच्या दिवशीच ठरला. नंतर लग्न केलं म्हणून तो जात नाही. आणि मुलाची पेन्शन आजोबांना लागेल या आशेवरही राहू नका. आईवडिलांचा नंबर बायको, मुलं आणि नामनिर्देशित व्यक्ती यांच्यापैकी कुणीच नसेल तेव्हा लागतो.

आता राज्य सरकारचं. गुजरातमध्ये तुमच्यासारख्या घरासाठी नेमकी बसणारी योजना म्हणजे पालक माता-पिता योजना. आईवडील दोघंही नाहीत, किंवा वडील वारले आणि आईने पुन्हा लग्न केलं, अशा ० ते १८ वर्षांच्या मुलांना जो नातेवाईक सांभाळतो त्याला दरमहा प्रत्येक मुलामागे ३,००० रुपये. तुमच्याकडे दोन मुलं, म्हणजे ६,०००. अर्ज ई-समाजकल्याण पोर्टलवर भरायचा; तुम्हाला ते जमत नसेल तर जिल्हा समाज सुरक्षा कार्यालयात जाऊन करवून घ्या. फी काही नाही, त्यामुळे बाहेर बसलेल्या माणसाला पाचशे रुपये देऊ नका.

कागद असे लागतात: मुलाचा जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांचा मृत्यूचा दाखला, आईच्या पुनर्विवाहाचा पुरावा, तुमचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, सगळ्यांचं आधार, शाळेत शिकत असल्याचं प्रमाणपत्र आणि मूल व पालक यांचं जोड खातं. यातला अडणारा कागद एकच, पुनर्विवाहाचा पुरावा. लग्न देवळात झालं, नोंदणी केलीच नाही, असं फार घरांत असतं. मग सोगंदनामा (प्रतिज्ञापत्र) आणि तलाटीसमोरचा पंचनामा यांवर काम करावं लागतं, आणि तिथे पंच म्हणून सुनेच्या नव्या घराजवळचे लोक लागले तर सुरतेच्या चकरा होतात. त्यापेक्षा सुनेला नोंदणी करून घ्यायला सांगा. तिचाही त्यात फायदा आहे, कारण गुजरातमध्ये विधवेच्या पुनर्विवाहाला ५०,००० रुपयांचं साहाय्य आहे आणि त्यालाही हाच दाखला लागतो. मात्र त्या अर्जाला लग्नानंतर ठरावीक मुदत असते, तेव्हा हे आजच बोला.

मंजुरी जिल्ह्याच्या समितीत होते. त्याआधी घरी चौकशीला माणूस येतो. मुलं खरंच तुमच्याकडे राहतात का, शाळेत जातात का, एवढंच तो बघतो. दिवाणखान्यातला टीव्ही झाकून ठेवायची गरज नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडी आणि सहा वर्षांवरच्या मुलाला शाळा ही अट आहे, आणि दरवर्षी शाळेचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. साहाय्य बंद पडतं ते बहुतेक वेळा इथेच: जूनमध्ये शाळा बदलली, नव्या शाळेचं प्रमाणपत्र दिलंच नाही, आणि दिवाळीत पैसे का आले नाहीत म्हणून धावपळ. मागचे महिने भरून मिळतील असं धरू नका. म्हणून कागद अपुरे असले तरी अर्ज आधी दाखल करा.

मिशन वात्सल्यची प्रायोजकत्व योजना तुमच्या कानावर आली असेल. ती केंद्राची. २०२२ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांपासून रक्कम २,००० वरून ४,००० झाली. शहरात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९६,००० पर्यंत, ग्रामीण भागात ७२,००० पर्यंत. तिथे हजार रुपये जास्त आहेत म्हणून लोक आधी तिकडे धावतात. माझं मत वेगळं आहे. तिथे पात्रता विधवा आई, अनाथ मूल, आजारी पालक अशा गटांवर ठरते. ‘आई आहे पण लग्न करून गेली’ हे त्या चौकटीत सरळ बसत नाही, समितीला समजावून सांगावं लागतं. पालक माता-पिता योजनेत मात्र तुमचं प्रकरण शब्दशः लिहिलेलं आहे. दोन्हींचं मासिक साहाय्य एका मुलाला एकाच वेळी मिळेल असा हिशेब करू नका. हाताशी जी पक्की आहे ती आधी घ्या. मुलांची आई आणि वडील दोघंही गेलेले असतील, तर मात्र ४,००० चा अर्ज जरूर करा.

कोविडच्या योजनांबद्दलही विचारणा येते. पीएम केअर्सची मुलांसाठीची योजना ११ मार्च २०२० ते ५ मे २०२३ या काळात पालक गमावलेल्यांसाठी होती. तुमचा मुलगा जून २०२३ मध्ये गेला, म्हणून तो दरवाजा बंद.

नातीसाठी गुजरात सरकारची नमो लक्ष्मी ही शाळकरी मुलींची योजना आहे, २०२४ पासून. नववी-दहावीला वर्षातले दहा महिने दरमहा ५००, दहावी पास झाल्यावर १०,०००. अकरावी-बारावीला दरमहा ७५०, बारावी पास झाल्यावर १५,०००. चार वर्षांचे मिळून ५०,०००. हजेरी ८० टक्के हवी. अर्ज शाळाच भरते, पण खातं विद्यार्थिनीच्या आईचं घातलं जातं; आई हयात नसेल तरच मुलीचं. तुमच्या बाबतीत आई हयात आहे, म्हणजे पैसे सुरतेला जाऊ शकतात. आत्ताच योजनेचं काम बघणाऱ्या शिक्षकांना लेखी द्या की मुलगी आजी-आजोबांकडे राहते आणि तिचं स्वतःचं खातं धरावं. नंतर बदलणं फार कटकटीचं जातं.

तुमच्या स्वतःच्या नावावर एक गोष्ट निघू शकते, ती सहसा कुणी सांगत नाही. वृद्ध पेन्शन म्हटलं की सगळ्यांना बीपीएल यादी आणि ० ते २० गुण आठवतात. पण गुजरातमध्ये निराधार वृद्धांची वेगळी पेन्शन आहे: वय ६० च्या वर, २१ वर्षांचा किंवा त्याहून मोठा मुलगा नाही, गुजरातमध्ये किमान दहा वर्षं वास्तव्य, आणि उत्पन्न शहरात दीड लाखापर्यंत, ग्रामीण भागात १ लाख २० हजारांपर्यंत. त्याला बीपीएल गुण लागत नाहीत. तुमचा एकुलता एक मुलगा गेला. मुलगा होता तोवर नाही म्हटलं असेल, आता अर्ज करता येतो. रक्कम ८० वर्षांपर्यंत १,०००, पुढे १,२५०. अर्ज मामलतदार कार्यालयात किंवा जनसेवा केंद्रात. ईपीएसचे २,१०० उत्पन्नात दाखवा, लपवू नका.

उत्पन्नाच्या दाखल्याचा हिशेब एकदाच नीट बसवून ठेवा, कारण तो सगळीकडे लागतो आणि तीन वर्षं चालतो. तुमचे वर्षाचे २५,२००. नातवंडांची अनाथ पेन्शन वरच्या उदाहरणाप्रमाणे धरली तर ४३,२००. एकूण ६८,४०० आणि त्यावर ठेवींचं व्याज. वर सांगितलेल्या मर्यादांच्या आत आहात. एका ठिकाणी ५०,००० आणि दुसऱ्या ठिकाणी ९०,००० असे दोन दाखले फिरत असतील, तर चौकशीत तेच पहिलं पकडलं जातं.

आता पालकत्व. इथे गैरसमज सगळ्यात जास्त. कायद्याने आजी-आजोबा नैसर्गिक पालक नाहीत. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा, १९५६ नुसार वडील, मग आई. आईने दुसरं लग्न केलं म्हणून तिचा हक्क संपत नाही. धर्म सोडला किंवा संन्यास घेतला तर संपतो. म्हणजे आज तुमच्या नातवंडांची कायदेशीर पालक सुरतेला आहे. तिने तीनशेच्या स्टॅम्पवर ‘मुलं सासू-सासऱ्यांच्या ताब्यात देते’ असं नोटरीपुढे लिहून दिलं असेल, तर तो कागद तिची संमती दाखवायला उपयोगी आहे, पण त्याने तुम्ही पालक होत नाही. पालक माता-पिता योजनेला कोर्टाचा आदेश लागत नाही. बँकेत अज्ञानाच्या नावाची मोठी रक्कम, पासपोर्ट, मुलाच्या वाट्याचं घर, आणि सुकन्या खातं, यांना लागतो.

सुकन्या समृद्धीचं नीट ऐका, कारण तुमच्यासारख्यांना खरा फटका इथेच बसला. नातीच्या नावाने आजोबांनी पोस्टात खातं उघडणं ही आपल्याकडची जुनी हौस. अर्थ मंत्रालयाच्या ऑगस्ट २०२४ च्या सूचनांप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून असं खातं नैसर्गिक पालकाच्या किंवा कोर्टाने नेमलेल्या पालकाच्या नावावर करणं भाग आहे. आजोबा म्हणून तुम्ही ते चालवू शकत नाही. तुमच्यासमोर दोनच वाटा: खातं सुनेच्या नावावर करणं, किंवा तुम्ही स्वतः कोर्टाकडून पालक होणं. सुनेशी संबंध बरे असतील तर पहिली वाट आठवड्याभराची. पासबुक, मुलीचा जन्मदाखला आणि स्वतःचे ओळखीचे कागद घेऊन सुनेने पोस्टात यायचं. पैसे मुलीचेच राहतात, पण अठराव्या वर्षापर्यंत सही सुनेची चालेल. दहावी पास किंवा १८ पूर्ण झाल्यावर शिक्षणासाठी अर्धी रक्कम काढता येते, आणि ती वेळ तुमच्या नातीला दोन वर्षांवर आली आहे, हे लक्षात घेऊन ठरवा. खातं तसंच पडू देऊ नका. नियमाबाहेरचं म्हणून पोस्टाला ते बंद करता येतं.

मी तुमच्या जागी असतो तर कोर्टाचा अर्ज केला असता. पालक आणि पाल्य कायदा, १८९० खाली, मूल जिथे राहतं तिथल्या कोर्टात, म्हणजे बडोद्यात. मुलाच्या व्यक्तीपुरतं पालकत्व हवं तर कुटुंब न्यायालय, मालमत्तेचं हवं तर जिल्हा न्यायालय. आईला नोटीस जाते. तिने हजर राहून हरकत नाही म्हटलं की प्रकरण हलकं होतं. नोटीस बजावलीच गेली नाही तर तारखांवर तारखा. म्हणून अर्जात तिचा सध्याचा, खरा पत्ता द्या, जुना बडोद्याचा नको. नातीसारख्या समजत्या मुलीचं मत कोर्ट विचारतं, तिला आधी कल्पना द्या.

वकिलाच्या खर्चाची काळजी वाटते म्हणून एक सांगतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. अर्ज आजींच्या नावाने करा, किंवा दोघांचा मिळून करा आणि पहिलं नाव आजींचं ठेवा. फोन १५१००. वय बघता तिसरं नावही हवं: मुलांची आत्या किंवा मामा कुणी तयार असेल, तर सहपालक म्हणून नेमण्याची मागणी त्याच अर्जात करता येते. मृत्युपत्रात ‘आमच्यामागे नातवंडांची पालक अमुक’ असं आजोबांनी लिहून भागत नाही. तो अधिकार कायद्याने आईवडिलांना आहे.

आणि दत्तक. याबद्दल माझं उत्तर स्पष्ट ‘नको’ आहे, कारणासकट. हिंदू दत्तक कायदा, १९५६ मध्ये मुलगा दत्तक घ्यायचा तर घेणाऱ्याला मुलगा, मुलाचा मुलगा किंवा पणतू हयात नसावा लागतो. मुलगी घ्यायची तर मुलगी किंवा मुलाची मुलगी हयात नसावी. तुमचा नातू हाच तुमच्या मुलाचा मुलगा! म्हणजे त्या कायद्याखाली वाट तिथेच अडते. बाल न्याय कायद्याखाली आजी-आजोबांना नातेवाईक म्हणून दत्तक घेता येतं, आणि १ सप्टेंबर २०२२ पासून त्याचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. वाट आहे, पण तिथे पोचून काय मिळणार ते बघा. तुमच्यामागे आजींना तुमच्या पेन्शनच्या निम्मी, म्हणजे १,०५० मिळेल. दत्तक मुलाला त्याच्या २५ टक्के, म्हणजे २६२ रुपये ५० पैसे. त्यासाठी मूल कागदोपत्री तुमचं होणार, आणि अनाथ म्हणून त्याला वडिलांकडून मिळणाऱ्या १,८०० चा आणि योजनेच्या ३,००० चा पायाच डळमळणार. हा सौदा आतबट्ट्याचा आहे.

हे वाचणाऱ्यांत केंद्र सरकारचे पेन्शनर असतील तर त्यांचं गणित थोडं वेगळं. त्यांच्या कुटुंब पेन्शनमध्येही नातवंडं येत नाहीत. कायदेशीर दत्तक घेतलेलं मूल मात्र येतं, २५ वर्षांपर्यंत, आणि ती पेन्शन शेकड्यांत नसते. पण दत्तक पेन्शनरने स्वतः हयात असताना घ्यायला हवं. नवऱ्यामागे विधवेने घेतलेल्या मुलाला कुटुंब पेन्शन नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी २०२३ रोजी नागपूरच्या एका प्रकरणात दिला.

आजारपणाचं. ७० च्या वरच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड तुम्हाला मिळेल, आजींना नाही, आणि त्यावर नातवाला दाखल करता येणार नाही. ते ज्याचं त्यालाच. मुलांसाठी कुटुंबाचं पीएमजेएवाय-मा (आयुष्मान) कार्ड लागतं. गुजरातमध्ये त्याचं संरक्षण जुलै २०२३ पासून वर्षाला दहा लाखांचं आहे. त्यासाठी मुलांची नावं तुमच्या रेशनकार्डात हवीत. ती अजून मुलाच्या वेगळ्या कार्डात असतील, तर आधी तिथून कमी करून मग तुमच्या कार्डात चढवा. दोन्ही अर्ज एकदम टाकले तर दुसरा परत येतो.

आता सगळ्यात कंटाळवाणी, पण सगळ्यात जास्त अर्ज पाडणारी गोष्ट: नावं. आपल्या मराठी घरांची बडोद्यात खास अडचण आहे. सेवासदनच्या, म्हणजे महापालिकेच्या, मृत्यूच्या दाखल्यात ‘सुनिलभाई’, आधारवर ‘सुनील’, कंपनीच्या नोंदीत ‘सुनीलराव’. सून एका कागदावर ‘सुनीताबेन’, दुसऱ्यावर नुसती ‘सुनीता’. गुजरातीत लिहिताना आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी. माणसाला हे एकच दिसतं, संगणकाला तीन माणसं दिसतात. अर्ज करण्याआधी सगळे कागद टेबलावर मांडा आणि मुलाचं नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव एकेक अक्षर ताडून बघा. मूळ धरा ते मुलांचा जन्मदाखला आणि वडिलांचा मृत्यूचा दाखला. बाकीचं त्यांच्याप्रमाणे दुरुस्त करा. फक्त ‘भाई-राव’चा फरक असेल तर ‘ही एकच व्यक्ती’ असा सोगंदनामा पुष्कळ ठिकाणी चालतो, पण पीएफमध्ये नाव-जन्मतारखेचा फरक असला तर कंपनीकडूनच संयुक्त दुरुस्ती करून घ्यावी लागते. सोबत तलाटीकडून पेढीनामा (वंशावळीचा दाखला) काढून त्याच्या चार-पाच प्रमाणित प्रती ठेवा, आजोबा-मुलगा-नातवंडं हे नातं दाखवायला तो सगळीकडे उपयोगी पडतो.

नातू ७ वर्षांचा आहे, म्हणून त्याचं आधार आजच बघा. पाचव्या वर्षानंतर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद द्यावी लागते. ती राहिली असेल तर आधार निष्क्रिय होऊ शकतं आणि थेट खात्यात येणारं सगळंच थांबतं. शाळकरी वयातल्या या सक्तीच्या नोंदीची फी १ ऑक्टोबर २०२५ पासून एक वर्ष माफ आहे. नातीचं पंधराव्या वर्षाचं अद्ययावतीकरणही तोंडावर आलंय. आणि खात्याबद्दल: सरकारी साहाय्य आधारला जे खातं शेवटी जोडलं गेलं तिथे जातं, अर्जात लिहिलेल्या खात्यात नाही. शाळेने मध्येच दुसऱ्या बँकेत शिष्यवृत्तीचं खातं उघडून दिलं, तर पैसे तिकडे वळतात आणि तुम्ही जुनं पासबुक छापत बसता. नात दहा वर्षांवरची असल्याने रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाप्रमाणे ती स्वतःच्या सहीने बचत खातं उघडून चालवू शकते. नातवाच्या खात्याला पालक लागतो, त्यासाठी कुठले कागद चालतील ते शाखेत आधी विचारून मगच रांगेत उभे राहा.

क्रम मी असा ठेवीन: आधार आणि नावांची जुळवाजुळव, मग उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड, त्याबरोबरच पालक माता-पिता योजनेचा अर्ज, दुसऱ्या बाजूने सुनेशी बोलून पीएफ कार्यालय आणि पोस्ट. कोर्टाचा अर्ज या सगळ्याच्या आड येत नाही, समांतर चालू द्या. अनाथ पेन्शन सुरू झाल्यावर हयातीचा दाखला तुमच्याप्रमाणे दोन्ही मुलांचाही लागेल. ईपीएसमध्ये तो वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्यापासून वर्षभर चालतो. तिघांचा एकाच दिवशी देऊन टाकलात तर पुढच्या वर्षी तारीख शोधत बसावं लागणार नाही.